जिल्ह्याबाहेरचा घास बंद

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार सकाळ

ती. झुंबरमावशीच्या पायावर डोकं ठेवून धैर्यशील लिहितो, की आम्ही इकडं सगळे धडधाकट आहोत आणि गगनबावड्याला तुम्ही दोघंही तसेच असाल असं धरून चाललोय. काकांचा गुडघा कसा आहे? तुमच्याकडची थंडी गुडघ्याला वाईट. त्यांना म्हणावं, पहाटे उठून गोठ्यात जायचं सोडा, म्हशी काही पळून जात नाहीत (आणि पळाल्याच तर त्या गुडघ्यानं ते काय धरणार आहेत?). तुझा खोकला? मोनानं पाठवलेला काढा तू घेतलास की रेडकाला पाजलास, हे खरं खरं कळव. फोनच केला असता, पण फोनवर तू 'बरं बरं, ठेव आता, पैसे पडत असतील' म्हणून ठेवून देतेस, आणि मला जे सांगायचंय ते 'बरं बरं'मध्ये मावणारं नाही. मावशी, तुझ्या भाच्याचा फोटो चौकात फ्लेक्सवर लागला. घाबरू नकोस, श्रद्धांजलीचा नव्हे.

सुरुवात राजवीरनं केली. राजवीर म्हणजे मोनाचा धाकटा भाऊ, आमच्या लग्नात जिलेबी जास्त होऊन तुझ्या नव्या लुगड्यावर ओकला होता तो. आता पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठा साहेब आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मोनानं त्याच्यासाठी मटण केलं होतं. तांबड्या रश्श्याच्या तीन वाट्या पोटात गेल्यावर (आधी नव्हे, हे लक्षात घे) तो मला म्हणाला, "दाजी, यात कोल्हापूरचं काय आहे सांगा बघू." पुण्याला गेल्यापासून तो 'हाय' म्हणत नाही, 'आहे' म्हणतो. मी म्हटलं, सगळंच कोल्हापूरचं. तर हा बोटं दुमडून मोजायला लागला. मिरची ब्याडगीची, खोबरं केरळचं, लवंग-वेलची तिकडचीच, खसखस कुठली देव जाणे, धने मध्य प्रदेशातले, तेल तर जहाजातनं आलेलं. "म्हणजे कोल्हापूरचं फक्त पाणी," असं म्हणून त्यानं चौथी वाटी पुढं केली.

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. एखाद्यानं आपल्या घरात बसून, आपलंच मटण खात, आपल्या गावाला पाणी म्हणावं? मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की उद्यापासून एक महिना कोल्हापूर जिल्ह्याच्या हद्दीत जे उगवलं तेवढंच खाईन आणि कोल्हापूरला कुणाकडं हात पसरायची गरज नाही हे दाखवून देईन. मोनानं कपाळाला हात लावला. आमची संयोगिता (जनावरांची डॉक्टर झाल्यापासून ती सगळ्यांशीच जनावरांशी बोलावं तसं शांतपणे बोलते) म्हणाली, की पप्पा, शपथ उद्यापासून आहे तर आज ताटातलं संपवा. मी संपवलं. त्यातली प्रत्येक लवंग मला दिसत होती, पण संपवलं.

आता ही गोष्ट घरातल्या घरात राहिली असती आणि चार दिवसांत मी माघार घेतली असती तर तुला कळलंही नसतं. पण माझा फ्लेक्सच्या दुकानातला भागीदार निसार. बालवाडीपासून मी त्याला ओळखतो, तरी मी त्याला ही गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात आमच्याच मशीनवर छापलेला, आमच्याच कापडाचा दहा फुटी फ्लेक्स. वर माझा गॉगल लावलेला फोटो (तो महाबळेश्वरचा आहे, मागचा घोडा निसारनं काढून टाकलाय), खाली 'जिल्ह्याबाहेरचा घास बंद!' आणि त्याखाली 'एकच महिना, एकच जिल्हा, एकच वाघ'. मी त्याला म्हटलं, अरे हे काय केलंस? तर म्हणतो, "आता तुला सोडता येणार न्हाय की. दोस्तासाठी एवढं बी करू न्हवं व्हय?"

मग आम्ही स्वयंपाकघर रिकामं करायला बसलो. मावशी, तुला वाटेल किती बाहेरचं असणार? डबा उघडला की परगाव निघायचं. तूरडाळ गेली, हिंग गेला, साखर राहिली, शेंगदाणे राहिले, जिरं-मोहरी गेली, चहा गेला. हळदीच्या डब्यावर निसारनं वाचून दाखवलं, सांगली. सांगली! इतकी वर्षं माझ्या आमटीत रोज सांगली होती आणि मला पत्ता नव्हता. मीठ हातात घेतल्यावर मात्र गाडी अडली, कारण कोल्हापूरला समुद्र नाही. शेवटी संयोगितानं निवाडा दिला, की शपथ 'उगवलेल्या'ची आहे आणि मीठ उगवत नाही. राजवीरला फोन लावला. त्यानं शपथेचे शब्द पुन्हा एकदा म्हणायला लावले आणि मग मीठ माफ केलं. चहाचं मी तसंच काही निघतंय का बघितलं, पण चहा उगवतो, मावशी, चांगला झुडपावर उगवतो.

चहाशिवायचे सुरुवातीचे दिवस कसे गेले ते विचारू नकोस. डोक्यात कुणीतरी पाट्याला टाकी लावत होतं. एका गिऱ्हाइकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मी 'भावपूर्ण' असं लिहून ठेवलं आणि निसारनं ऐनवेळी पुसलं म्हणून आम्ही वाचलो. मोना परसातला गवती चहा, आलं आणि गूळ उकळून दूध घालून द्यायची. वाईट नव्हतं, पण म्हशीच्या वैरणीला गोड पाणी लावल्यासारखं लागायचं. आणि पेठ तर माझ्यावर पहारा ठेवूनच होती. मी टपरीसमोरनं नुसता गेलो तरी बाकावरची मंडळी कप तोंडाआड धरून बघायची. केस कापायला गेलो तर न्हाव्यानं विचारलं, सकाळी काय खाल्लं आणि ते कुठलं. मंडईत बायडाबाईकडं मी प्रत्येक भाजीचं गाव विचारायला लागलो. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी भेंडी उचलल्यावर ती म्हणाली, "पावणं, भेंडीचा जातीचा दाखला काढून आणू का आता?" सगळी मंडई हसली. पण त्यानंतर माझ्या जिल्ह्यातली भाजी ती वेगळ्या पाटीत काढून ठेवायला लागली आणि मला लांबनंच हाक मारायची.

मग मात्र मजा यायला लागली, मावशी. खरंच सांगतो, मी इतका कामाला लागलो की दुकान निसारच्याच अंगावर पडलं. रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर आजऱ्याला गेलो, घनसाळ तांदूळ आणि काजू आणले. येताना पोतं माझ्या मांडीवर होतं आणि त्या तांदळाचा वास असा, की निसार घाटात दोनदा गाडी थांबवून म्हणाला, इथंच चूल मांडूया. शिरोळकडनं ज्वारी आणि घाण्याचं शेंगतेल. एका गुऱ्हाळावर गेलो तर त्यांनी फ्लेक्सवरचा माणूस म्हणून ओळखलं (गॉगल मी मुद्दाम लावला होता) आणि काकवी पाजली, गरम, गळ्यात उतरताना डोळे मिटावेत अशी. पन्नास वर्षं या जिल्ह्यात राहिलो, पण हे सगळं माझ्या घराभोवती पिकतं हे मला आपलं शाळेच्या भूगोलापुरतंच माहीत होतं. निसारच्या घरी दावत होती, तेव्हा मात्र कठीण गेलं. सगळे बिर्याणी खात होते आणि मी कांदा, भाकरी, दही. शहाजादीवहिनींनी बघितलं, आत गेल्या, आणि घनसाळची, गुळाची, काजू लावलेली खीर घेऊन आल्या. म्हणाल्या, हे तुमच्यासाठी वेगळं ठेवलं होतं, आधी कांदा खाताना बघायचं होतं.

आणि रस्सा! मोना आधी माझ्याशी महिनाभर बोलायचीच नाही असं ठरवून होती, पण राजवीरनं फोनवर 'ताई, दाजींना पाणी देतेस की नाही' असं विचारल्यावर ती पेटली. तिनं कारळे भाजले, तीळ भाजले, शेंगदाण्याचं वाटण केलं, आलं, लसूण, हिरव्या मिरच्या, मूठ मूठ कोथिंबीर, आणि मटणाला चढवलं. रंग आला हिरवट-काळा. डबक्यातल्या पाण्याचा येतो तसा, खोटं कशाला बोलू. निसार वाटीत बघून म्हणाला, याला तांबडा म्हणायचं का पांढरा? पण पहिला भुरका मारला आणि त्यानं वाटी पुन्हा पुढं केली. मग मी केली. मग पातेलं संपलं. मोना दारात उभी राहून आमच्याकडं बघत होती, आणि लग्न होऊन आली तेव्हासारखी हसत होती. मी ठरवलं, आता कुणी आडवं आलं तरी हा महिना पुरा करायचाच.

आणि नेमकं तेव्हाच आडवं आलं ते संयोगिताचं स्थळ.

पावणं गडहिंग्लजचे. मुलगा राजवर्धन, कॉलेजात गणित शिकवतो. वडील हंबीरराव, 'व्यापार' असं मध्यस्थानं सांगितलं होतं. फोटो बघून संयोगितानं पहिल्यांदाच 'बघू' म्हटलं होतं (आधीच्या तीन फोटोंना ती 'याला जंताचं औषध द्या' म्हणाली होती). त्यामुळं मोनाचा जीव अगदी टांगणीला. मी आपला उत्साहात म्हटलं, पावण्यांनाही गवती चहा आणि नाचणीचे लाडू देऊया, जिल्ह्याचा मान. मोना म्हणाली, "पोरीचं लगीन हाय, तुमचा फ्लेक्स न्हाय." हे तिचं बरोबर होतं. शेवटी ठरलं, पावण्यांना चहा, मला नाही. शहाजादीवहिनींकडनं चहा पावडर आणून ठेवली. मी म्हणालो, मी गुपचूप काढा घेऊन बसतो, कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.

पावणं आले. हंबीरराव म्हणजे दार भरून माणूस, पांढरे कपडे, पांढऱ्या मिशा, आवाज असा की कोपऱ्यावरचं कुत्रं उठलं. सोबत त्यांची बायको, तो मुलगा, आणि एक चकचकीत डबा. बसल्या बसल्या त्यांनी डबा मोनाच्या हातात दिला आणि म्हणाले, "अक्का, च्या ह्याचाच टाका. आमच्या दुकानचा हाय. आसामवरनं खास मागवतोय." मावशी, व्यापार चहाचा! त्या भागात आजोबांपासून यांचीच पावडर चालते. आणि त्यांची एक रीत होती. ज्या घरी जातील तिथं स्वतःच्या पावडरीचा चहा करायला लावायचा, पहिला घोट घरच्या मालकानं घ्यायचा, आणि हे त्याच्या तोंडाकडं बघत बसायचे.

मोना ट्रे घेऊन आली. माझ्यासमोर कप. वर साय धरू लागलेली, आणि वास, मावशी! इतक्या दिवसांत ज्या वासासाठी मी टपरीसमोरनं लांबचा वळसा घालत होतो तो वास माझ्याच नाकाखाली येऊन बसला. हंबीरराव माझ्या तोंडाकडं बघताहेत. निसार घरचा म्हणून कोपऱ्यात बसलेला, तो छताकडं बघतोय, म्हणजे 'पी, मी बघत नाही' असं सांगतोय. मोना डोळ्यांनी हात जोडतेय. मी कान धरला. कपाचा. माझा हात उचलला गेला, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पोरीच्या सुखापुढं एका महिन्याचं काय मोठं, असं मनात आलं, आणि त्याच वेळी तलफही आली होती, त्यामुळं यातलं नेमकं कुठलं माझा हात उचलतंय हे मलाच कळेना.

तेवढ्यात संयोगिता बोलली. मुलगी बघायला आलेल्या पावण्यांसमोर, त्यांनी काही विचारण्याआधी. म्हणाली, "पप्पा, तुम्हाला प्यायचा असेल तर प्या. माझ्यासाठी पिऊ नका."

मी कप खाली ठेवला. आणि हंबीररावांना सगळं सांगितलं, राजवीर, रस्सा, फ्लेक्स, मीठ, सगळं. फार लांबलं बहुतेक. मग ते सावकाश म्हणाले, "म्हंजे आमचा च्या तुमच्यात बसत न्हाय."

मला वाटलं, उठले आता. मोनानं पदर तोंडाला लावला. आणि तो मुलगा, राजवर्धन, आल्यापासून गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, तो मान खाली घालूनच म्हणाला, "बाबा, माझ्यात बी बसत न्हाय."

हंबीररावांना आधी कळलंच नाही. मग हळूहळू बाहेर आलं. त्याला चहानं लहानपणापासून पित्त होतं. चहाच्या व्यापाऱ्याचा एकुलता एक पोरगा, सांगणार कुणाला? शाळेत असल्यापासून रोज सकाळी वडील स्वतःच्या हातानं कप द्यायचे, आणि हा मागल्या दारी जाऊन ओतून यायचा. वडिलांनी विचारलं, कुठं ओतायचास? तो म्हणाला, "आईच्या कडीपत्त्यात." त्याची आई तोवर एक अक्षर बोलली नव्हती. ती आता म्हणाली, "म्हणून वाळला व्हय त्यो."

आधी निसार हसला. त्याला हसू दाबता येत नाही, शाळेत याच कारणानं आम्ही दोघं बाहेर उभे असायचो. मग संयोगिता हसली, मग राजवर्धन. त्याच्या तोंडावर असं ऊन पडल्यासारखं झालं, की मला तो पोरगा त्याच क्षणी आवडला. हंबीरराव हसले नाहीत. त्यांनी स्वतःचा कप उचलला, प्याले. मग पोराच्या पुढचा उचलला, तोही प्याले. मग माझा. शेवटी मोनासाठी भरलेला होता तोही. चार कप, एका दमात म्हणावं तसे, आमच्या सगळ्यांच्या देखत. मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय आमास्नी. आमी पसंत हाय का, ते तिला इचारा."

संयोगितानं राजवर्धनला एकच विचारलं, की पहाटे कुणाची गाय अडली म्हणून फोन आला तर उठून गाडी काढशील का? तो म्हणाला, "काढीन की. च्या मागू नका म्हंजे झालं." आणि जमलं, मावशी! आतबाहेर करता करता माझ्याच चपला मला सापडेनात. जाताना हंबीरराव उंबऱ्यात थांबले आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात (त्यांचा हळू आवाज म्हणजे शेजारच्या वाड्यापर्यंत) म्हणाले, "सांगायचं हुतंस की रं. मी काय खाल्लं असतं व्हय तुला?" तेव्हा मात्र मी उगीच दिव्याचं बटण शोधत भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतरचे दिवस सरसर गेले. महिना पुरा झाला. राजवीरनं शेवटच्या संध्याकाळी फोन करून उलटतपासणी घेतली, मोनाला वेगळं विचारलं, निसारला वेगळं विचारलं, आणि शेवटी म्हणाला, "मानलं दाजी." दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतली मंडळी मला टपरीवर घेऊन गेली आणि मी चहा प्यालो. तीन कप. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण ते वाचून काका तुला आत्ताच चहा ठेवायला लावतील. पण घनसाळ, शेंगतेल आणि मोनाचा हिरवा-काळा रस्सा घरात राहिलाय तो राहिलाच. बायडाबाई माझी पाटी अजून वेगळी काढते.

काकांना नमस्कार सांग. गुडघ्याला तीळतेल चोळत जा म्हणावं. तू स्वतःला जप आणि लग्नाला आठवडाभर आधी ये, तुझ्याशिवाय या घरात हळदीच्या गाण्याला तोंड फोडणारं कुणी नाही.

तुझा,
धैर्यशील

ता. क. कामाचं लिहायचं राहिलंच. हंबीररावांनी व्याहीभोजनाला एक अट घातलीय. म्हणतात, आमचा च्या नाकारलासा, आता पन्नास पावण्यांना मटणाचं जेवण करून दाखवा, आणि पानात सगळं जिल्ह्यातलंच पायजे. मी उत्साहात हो म्हटलंय. तर तुझ्या गोठ्यातले ते दोन बोकड कुणाला देऊ नकोस. काकांचा त्यांच्यावर जीव आहे हे मला माहीत आहे, म्हणून हा भाग त्यांना वाचून दाखवू नकोस.

ता. क. २. बोकड इथं बाजारात मिळत नाहीत का, असं तू विचारशील. परवा पावण्यांच्या जेवणाचं सांगायला मटणवाल्याकडं गेलो आणि सहज विचारलं, बकरी कुठली? तो म्हणाला, सगळी विजापूरकडची, गाडी भरून येत्यात. मी महिनाभर त्याच्याकडनंच नेत होतो, मावशी. भेंडीला गाव विचारलं, बकऱ्याला विचारायचं सुचलंच नाही. हे मला, निसारला आणि आता तुला माहीत आहे. राजवीर पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं येणार आहे, त्याच्यासमोर खोकला आला तरी चालेल, पण हे तोंडातनं येऊ देऊ नकोस.

ता. क. ३. तुझे ते दोन बोकड गगनबावड्यात तुझ्या डोळ्यांदेखत जन्मले, एवढं मला पुरे आहे. त्यांची आई तू कुठल्या बाजारातनं आणली होतीस, ते मात्र मला कळवू नकोस.